छातीवरचं वाद्य

‘बायपास होऊन सात आठवडे झाले. अकॉर्डियन कधी हातात घेऊ?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. वय ६४, ऑर्केस्ट्रात तीस वर्षं वाजवलेलं. प्रश्न सरळ आहे, पण अकॉर्डियन हातात घेतच नाहीत, छातीवर घेतात. सगळी गोम तिथेच आहे.

बायपास करताना छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि काम झाल्यावर पोलादी तारांनी पुन्हा बांधतात. त्या तारा बहुधा जन्मभर आतच राहतात, त्यांचं भय नको. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत जुळते, आणि माणूस फसतो तो इथेच. आतलं हाड धरायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं पक्कं व्हायला साधारण तीन महिने. मधुमेह असेल, अंगात जाडी असेल किंवा विडी-सिगारेट सुटलेली नसेल तर त्याहूनही जास्त. तोवर आम्ही चार-पाच किलोंच्या वर काही उचलू देत नाही. १२० बेसचं अकॉर्डियन दहा-बारा किलोंचं असतं, पेटाऱ्यात घातलं की आणखी जड.

पण वजनापेक्षा मला भीती भात्याची वाटते. उजवा हात पट्ट्यांवर स्थिर आणि डावा हात भाता बाहेर ओढतोय, आत दाबतोय. म्हणजे छातीच्या एकाच बाजूला ताण. अर्धवट सांधलेल्या हाडाला हीच गोष्ट सोसत नाही. माझ्या एका रुग्णाने पाचव्या आठवड्यात, घरचे लग्नाला गेलेले पाहून, वाद्य काढलं. दुसऱ्या कडव्याला छातीत ‘कट्’ असं वाजलं. घाबरून त्यांनी ते दोन दिवस लपवलं. नशिबाने हाड सरकलं नव्हतं, पण पुढचे सहा आठवडे वाद्य कुलपात गेलं आणि किल्ली सूनबाईंकडे. असा आवाज आला, हाड हलल्यासारखं वाटलं, जखमेतून पाणी आलं किंवा ताप चढला तर त्याच दिवशी सर्जनला गाठा. लपवू नका.

मग तीन महिने नुसतं बसायचं? नाही. बोटांना कोणी अडवलेलं नाही. दुसऱ्या कोणाकडून वाद्य टेबलावर ठेवून घ्या, भाता बंदच राहू दे, आणि खुर्चीत बसून पट्ट्यांवर नुसती बोटं फिरवा. आवाज येणार नाही, हात मात्र गाणं विसरणार नाही. काही जणांना या काळात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर लागतं. शस्त्रक्रियेत छाती उघडी धरताना हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात, त्याचा हा परिणाम. बहुतेकांचं काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत सुटतं. ठरलेली गाणीही मध्येच आठवेनाशी होतात. तेही बहुतांशी परत येतं. उदासपणा मात्र दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर डॉक्टरांना सांगा, त्याला औषध आहे.

‘तोवर पेटी वाजवू का?’ असंही विचारलंय. वाजवा, पण टेबलावर ठेवून, आणि भाता हलक्या हाताने. जमिनीवर मांडी घालून बसलात की उठताना दोन्ही हातांवर भार टाकाल, ते पेटीपेक्षा वाईट.

तीन महिन्यांनी सर्जनने हाड तपासून हिरवा कंदील दिला की भात्याकडे वळा. जमलं तर कोणाचं तरी ४८ बेसचं लहान वाद्य मागून आणा. ते निम्म्या वजनाचं असतं. बसूनच वाजवा, वाद्य डाव्या मांडीवर टेकवा म्हणजे खांद्यांवर लटकणार नाही. पहिला आठवडा दहा मिनिटं, संथ गाणी. ‘आराधना’तल्या ‘रूप तेरा मस्ताना’मध्ये केरसी लॉर्ड यांनी १९६९ साली जे अकॉर्डियन वाजवलं, त्याची नक्कल करायचा मोह मला कळतो, तो थोडा लांबवा. उभं राहून, पट्टे खांद्यावर टाकून वाजवणं सगळ्यात शेवटी. पेटारा जमिनीवरून स्वतः उचलणं त्याच्याही नंतर. मला विचाराल तर या वयात ते काम कायमचं मुलाकडे द्या.

वाजवताना एक सवय तपासा. भाता जोरात ओढताना पुष्कळ जण श्वास कोंडून धरतात. त्याने रक्तदाब एकदम चढतो. गुणगुणत वाजवलं की श्वास आपोआप चालू राहतो. बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी मुद्दाम संथ ठेवलेली असते, त्यामुळे नाडीवरून दमल्याचा नीट अंदाज येत नाही. वाजवता वाजवता शेजारच्याशी एक वाक्य धड बोलता येतं का, ते बघा. येत नसेल तर थांबा. छातीत दडपण, घाम, चक्कर आली तर वाद्य उतरवा आणि दवाखाना गाठा, सोडा पिऊन वाट पाहू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे पट्ट्याखाली काळेनिळे डाग पडू शकतात, म्हणून पट्ट्यांना जाड कापड गुंडाळा.

पेसमेकर बसवलेल्यांसाठी थोडक्यात: तो बहुधा डाव्या खांद्याखाली असतो, नेमका पट्ट्याच्या वाटेत. सुरुवातीचे चार ते सहा आठवडे वाद्य नकोच, नंतरही पट्टा त्यावर घासू देऊ नका.

शेवटची विनंती. पुढच्या तपासणीला ‘थोडं संगीत करतो’ असं मोघम सांगू नका. तुमच्या डॉक्टरांनी अकॉर्डियन बहुधा जवळून पाहिलेलंच नसेल. वाद्य काट्यावर ठेवून वजन कागदावर लिहून न्या आणि आजारापूर्वीचा, तुम्ही वाजवत असतानाचा एखादा व्हिडिओ असेल तर तोही दाखवा.