थकलेली मूठ

सायंकाळी कळवा स्थानकात गाडी शिरते, तेव्हा दारातील दांडा धरून लोंबकळणारे विद्यार्थी पाहून आम्हांस एक प्रश्न पडतो : मन 'धर' म्हणत असताही मूठ सैल पडते, ती का?

स्नायू दीर्घकाळ आवळलेला राहिला म्हणजे त्यातील रक्तप्रवाह मंदावतो व आम्लादी द्रव्ये साचतात. बारीक मज्जातंतू ही वार्ता मज्जारज्जूस व मेंदूस पोहोचवितात. तीच आपणांस वेदना म्हणून जाणवते. मग मेंदूकडून स्नायूंस मिळणारी प्रेरणाही क्षीण होते, आणि आपण किती जोर लावीत आहो याचा अंदाज चुकतो.

इटलीतील तुरीन येथील शास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी १८९१ साली थकव्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बोटाने वजन उचलण्याच्या त्यांच्या यंत्रावर, परीक्षा घेऊन शिणलेल्या अध्यापकाचे बोटही लवकर थकलेले आढळले. डोके शिणले, की हातही शिणतो.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, परीक्षा देऊन परतताना मुठीवर फाजील भरवसा ठेवू नका. हाताची वेदना ही पहारेकऱ्याची हाक होय. दारात लोंबकळण्यापेक्षा एक गाडी जाऊ द्या. आणि पालकहो, मुलास थोडा उशीर झाला, तर रागावू नका.