तार लागली, पण पाहणार कोण?

दातांना तारा लावायच्या म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न निघतो पैशांचा आणि दुसरा, किती महिन्यांत सुटका होईल याचा. या दोन्हींच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तार बसल्यावर दर चार-सहा आठवड्यांनी तोंड उघडून पाहणार कोण, आणि कुठे? या उपचारातले बहुतेक धोके तारेमुळे नव्हे, तर ती काम करत असताना तिच्याकडे कोणाचं लक्ष नसल्यामुळे वाढतात. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात हे सहज घडू शकतं. मे महिन्यात मुंबईच्या काकांकडे गेलेल्या मुलाला तिथेच तारा लावून आणल्या, तर पुढची तपासणी गणपतीवर जाते, मग दिवाळीवर. तार मात्र सुटी घेत नाही.

दाताला हलका, सततचा दाब मिळाला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. अशा रीतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जोर वाढवला म्हणून वेग वाढत नाही. उलट मुळाभोवतीचा रक्तपुरवठा दबतो, दात अडून बसतो आणि मुळाला इजा होण्याची शक्यता वाढते. म्हणून लग्न ठरलंय, सहा महिन्यांत उरकून द्या, हा आग्रह मला धोक्याचा वाटतो. गुंतागुंतीच्या दातांना दीड-दोन वर्षं लागतातच. मुळांची थोडी झीज बहुतेक रुग्णांत होते आणि तिने फारसं बिघडत नाही. पण शंभरातल्या एक ते पाच जणांत ती गंभीर होते. ती दुखत नाही, आरशात दिसत नाही, दिसते ती फक्त एक्स-रेमध्ये. त्यामुळे सुरुवातीला एक्स-रे न काढता कोणी तार लावायला निघालं, तर तिथेच थांबावं. सहा ते बारा महिन्यांनी मुळं पुन्हा तपासणार का, हेही आधीच विचारून ठेवावं.

दुसरा धोका डोळ्यांना दिसतो, पण बहुतेक वेळा उशिरा. दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटभोवती अन्न अडकतं, आम्लाने दातावरच्या कवचातला चुना निघून जातो आणि खडूसारखे पांढरे डाग पडतात. गोरेलिक आणि सहकाऱ्यांच्या 1982 सालच्या अमेरिकी अभ्यासात, तारा लावलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या किमान एका दातावर असे डाग आढळले. तारा न लावलेल्यांत ते प्रमाण 24 टक्के होतं. सफाई अगदीच ढिली असेल तर डाग महिन्याभरातही दिसू लागतात. आपल्याकडे जत्रेतला गुळाचा खाजा, फणसपोळी, आंबापोळी हे सगळं एकतर कडक, नाहीतर चिकट. कुर्लीचा नांगा दाताने फोडायची सवयही तारेच्या काळात सोडावीच लागते. सुटलेला ब्रॅकेट दुखत नाही म्हणून लोक तसाच ठेवतात, आणि तो दात ठरल्या जागी न जाता तिथेच राहतो किंवा भलतीकडे वळतो. मोठ्या वयात उपचार घेणाऱ्यांनी हिरड्या आधी तपासून घ्याव्यात. वर्षानुवर्षं मिश्री लावलेल्या तोंडात हिरड्यांचा आजार पुष्कळदा लपलेला असतो, आणि सुजलेल्या हिरड्यांवर तार चढवली तर दाताभोवतीचं हाड झपाट्याने कमी होतं.

यावर रास्त आक्षेप असा, की इतकं लक्ष ठेवायला इथे तज्ज्ञ आहेत किती? बीडीएस झालेल्या डॉक्टरला तारा लावायला कायद्याने मनाई नाही, आणि गावाजवळचा डॉक्टर दर महिन्याला भेटतो हा फायदा मी कमी लेखत नाही. पण दात पाडायचे की नाही, जबड्याची वाढ कुठवर आली आहे, हे ठरवणं हा तीन वर्षांच्या एमडीएस शिक्षणाचा विषय आहे. आराखडा तज्ज्ञाचा आणि मधली देखरेख जवळच्या डॉक्टरची, अशी वाटणी दोघांनी बोलून केली तर चालते. ठरावीक वारी बाहेरून तज्ज्ञ येत असतील, तर ते नसताना तार टोचली वा तुटली तर जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट करून घ्यावं. मुंबईचा मोठा दवाखाना अधिक सुरक्षित, हा समज मला पटत नाही. दरमहा जाता येत नसेल तर कुडाळ-कणकवलीचा साधा दवाखाना अधिक सुरक्षित.

मग कुरिअरने घरी येणारे पारदर्शक साचे काय वाईट, असंही विचारतात. साचा वाईट नाही. तज्ज्ञाने तपासून, लक्ष ठेवून दिला तर तो उपयोगी आहे. पण अंतराचा प्रश्न तो सोडवत नाही, फक्त नजरेआड करतो. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली, तेव्हा अर्ध्यावरच्या रुग्णांना आपापल्या दातांच्या डॉक्टरकडे जायला सांगण्यात आलं आणि आयुष्यभराची हमीही संपली. याहून घातक म्हणजे दोन दातांमधली फट बुजवायला घरच्या घरी रबर अडकवणं. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं असतं, त्यामुळे रबर घसरत हिरडीत शिरतं, हाड खात टोकाकडे सरकतं आणि धडधाकट पुढचे दात गमावायची वेळ येते.

तारा काढल्या म्हणजे काम संपलं, हीही समजूत सोडावी. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात दीर्घकाळ पाहिलेल्या रुग्णांत, रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन, बंद केल्यावर दहा वर्षांनी, समाधानकारक सरळ खालचे दात तीस टक्क्यांहून कमी लोकांत उरले होते. म्हणून रिटेनरचा खर्च आणि त्याच्या तपासण्या पहिल्या बोलणीतच धराव्यात. डॉक्टरांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडची नोंदणी पाहावी. एक्स-रे, फोटो, साचे आणि आराखड्याची प्रत स्वतःकडे ठेवावी. दहावी-बारावीनंतर मूल पुण्या-मुंबईला जाणार असेल, तर हीच कागदपत्रं नव्या डॉक्टरचे कित्येक महिने वाचवतात. आणि जो तरुण सहा-नऊ महिने जहाजावर जाणार आहे, त्याने तसं डॉक्टरांना आधीच सांगावं. मग तेवढ्या काळापुरती दात न हलवणारी तार बांधता येते, किंवा तारा काढून रिटेनर देता येतो.