लाज सोडा, दुखणे सांगा, वेळीच इलाज करा



हे पत्रक नवरा-बायको दोघांनी मिळून वाचावे. वाचता येत नसेल तर आशाताईंकडून वाचून घ्यावे.

खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी गळते. अंग खाली उतरल्यासारखे वाटते. पुष्कळ बाया हे दुखणे अंगावरच काढतात, नवऱ्यालाही सांगत नाहीत. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली अहवाल प्रसिद्ध झाला. शंभरात ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी व उपचार झालेल्या शंभरात अवघ्या ८!

असे का होते?
ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भपिशवी व गुदाशय यांना तिचा आधार असतो. लागोपाठ बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच जड काम, जुना खोकला, बद्धकोष्ठ यांनी ती सैल पडते. आपल्या जिल्ह्यातून जोडपी ऊसतोडीला जातात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढणाऱ्या बाईच्या झोळीवर केवढा भार पडत असेल!

घरचा व्यायाम
१९४८ साली डॉ. आर्नॉल्ड केगेल यांनी हा व्यायाम जगापुढे मांडला. त्याला पैसा लागत नाही.
१. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, तेच आवळा.
२. पाच आकडे मोजा, मग सोडा. तेवढाच विसावा घ्या.
३. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करा.
४. श्वास कोंडू नका. पोट, मांड्या ताणू नका. लघवी करताना हा व्यायाम करू नका.
नेमाने तीन महिने करा. गुण एका दिवसात येत नाही.

यंत्राला भुलू नका
शहरातील काही दवाखान्यांत लेसर किंवा रेडिओलहरींच्या यंत्राने योनीला उष्णता देतात. ‘कापणे नाही, टाके नाहीत’ असे सांगतात. पण या कामासाठी ही यंत्रे सुरक्षित व गुणकारी ठरलेली नाहीत, भाजणे, व्रण पडणे, कायमचे दुखणे असे अपाय होऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली दिला. कर्ज काढून, डोरले मोडून असला इलाज करू नका.

तसेच ‘पिशवी काढून टाका’ म्हटले की लगेच तयार होऊ नका. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या अशा शस्त्रक्रियांची २०१९ साली शासनाने समिती नेमून चौकशी केली. आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची कडीही मिळते.

ताबडतोब दाखवा: पाळी गेल्यावर रक्त जाणे, घाण वासाचे पाणी जाणे, लघवी अडणे, अंग बाहेर येणे.

नवरोबा, तुमचे काम
बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे बायकोला जड उचलू देऊ नका. पाणी तुम्ही भरा. दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवा. त्यासाठी तांबी आहे, गोळ्या आहेत, निरोध आहे. कुटुंब पूर्ण झाले असेल तर बिनटाक्याची नसबंदी पुरुषानेही करून घ्यावी. तिने ताकद जात नाही.

आजच आशाताईंना किंवा उपकेंद्रातील नर्सबाईंना भेटा.

पाळणा लांबवा, आईचे अंग सांभाळा!