विंचूदंश, आयन-मार्ग आणि फॉस्फोरिलीकरण

जालना जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत विंचू चावलेला रुग्ण पुष्कळदा प्रथम गावच्या वैद्याकडेच येतो. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे तीन प्रकार सांगितले आहेत. हे विष शरीरात नेमके कोठे कार्य करते, याविषयी आधुनिक संशोधनातून मिळालेली माहिती प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडली आहे.

चेतापेशीच्या आवरणात सोडियम, पोटॅशियम इत्यादी आयनांसाठी प्रथिनांचे मार्ग असतात. सोडियमचा मार्ग क्षणभर उघडून लगेच मिटतो, त्यातूनच संवेदनेची लहर पुढे जाते. विंचवाच्या विषातील काही घटक बाहेरून या प्रथिनास चिकटतात व त्यास वेळेवर मिटू देत नाहीत. याच गुणधर्माचा उपयोग करून विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेने १९८० साली सोडियम-मार्गाचे प्रथिन ओळखले आणि उंदराच्या मेंदूतील या प्रथिनाचा पुढे सविस्तर अभ्यास केला.

या मार्गाचे नियंत्रण पेशी आतूनही करते. कायनेज हे विकर एटीपीमधील फॉस्फेट प्रथिनास जोडते, यालाच फॉस्फोरिलीकरण म्हणतात. फॉस्फाटेज हे विकर तो फॉस्फेट काढून घेते. मेंदूतील सोडियम-मार्गास असा फॉस्फेट जोडला गेला की आयनप्रवाह सामान्यतः मंदावतो. मानवी मेंदूतही याच कुलातील प्रथिने आहेत, परंतु मृत्यूनंतर फॉस्फेट झपाट्याने निघून जात असल्याने मानवी ऊतींचा अभ्यास अवघड ठरतो. म्हणून बरेचसे ज्ञान उंदरावरील प्रयोगांतून आले आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पेशीने केलेला बदल पेशीच मागे घेऊ शकते, विषाने केलेल्या बदलावर मात्र तिचा ताबा नसतो. लाल विंचवाच्या विषाचा मुख्य परिणाम मेंदूबाहेरील स्वायत्त चेतातंतूंवर होतो. तेथे अखंड उद्दीपन होऊन अॅड्रेनॅलिनसदृश द्रव्ये रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आकुंचित होतात, हृदयावर ताण पडतो व फुप्फुसांत पाणी साठते.

भोकरदन तालुक्यातील देहेड गावचे सुपुत्र डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड येथे अशा रुग्णांचा अभ्यास केला. प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. हे औषध विष नष्ट करीत नाही. रक्तवाहिन्यांवरील आल्फा-ग्राहके रोखून ते हृदयावरील भार हलका करते. प्रतिविष व प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असे त्यांच्या २०११ सालच्या अभ्यासात दिसून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

वैद्यांसाठी बोध स्पष्ट आहे. केवळ दंशस्थानी वेदना असल्यास वेदनाशमन करून रुग्ण निरीक्षणाखाली ठेवावा. परंतु वांती, दरदरून घाम, लाळ सुटणे, हातपाय गार पडणे, मुलग्यांत शिश्नाची ताठरता यांपैकी काहीही आढळल्यास विष सर्वांगात पसरले असे समजावे. अशा वेळी लेप वा अन्य उपचारांत वेळ न दवडता रुग्णास, विशेषतः बालकास, तत्काळ रुग्णालयात पाठवावे.