पाणचक्कीची प्रतिकृती : शक्तीच्या रूपांतराचा प्रात्यक्षिक पाठ

शेतीतील प्रत्येक कामास शक्ती लागते. ती शून्यातून निर्माण होत नाही व नाहीशीही होत नाही. केवळ तिचे रूप पालटते. मोटेचे बैल धावेवरून उतरत, तेव्हा त्यांच्या बळास त्यांच्याच वजनाची जोड मिळे व विहिरीचे पाणी वर येई. धामणगाव रेल्वेसारख्या कापसाच्या पेठेत जिनातील मोटार विजेचे रूपांतर गतीत करते व त्या गतीने रुई सरकीपासून सुटते.

उंचावरून पडणाऱ्या पाण्यातही शक्ती असते. छत्रपती संभाजीनगर येथील बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्कीत याच शक्तीने धान्य दळले जात असे. खोपोली येथे १९१५ साली व कोयनेस १९६२ साली याच तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. हे तत्त्व गावातच दाखविता यावे, म्हणून पुढील प्रयोग ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अवश्य करावा.

साहित्य : २० सेंटीमीटर व्यासाची लाकडी चकती, तेलाच्या डब्याचा पत्रा, ६ मिलिमीटर जाडीचा सरळ गज, भोके पाडलेल्या दोन लाकडी पट्ट्या, तोटी बसविलेली बादली, सुतळी, वाळू भरलेली २०० ग्रॅम वजनाची बाटली व लिटरचे माप.

कृती : पत्र्याची सारख्या आकाराची आठ पाती कापावीत. कडा हातास लागू नयेत म्हणून त्या पक्कडीने दुमडाव्यात. पाती चकतीच्या कडेस समान अंतरावर खिळ्यांनी ठोकावीत. गज चकतीच्या मध्यात घट्ट बसवावा. पट्ट्यांच्या भोकांत मात्र तो मोकळा फिरला पाहिजे. पट्ट्या टेबलावर उभ्या ठोकून गजाचे एक टोक टेबलाबाहेर राहू द्यावे. त्यास सुतळी बांधून खाली बाटली टांगावी. बादली अशी ठेवावी की, तिच्यातील पाण्याची पातळी पात्यांहून १ मीटर उंच राहील. तोटीची धार एका बाजूच्या पात्यांवरच पडावी. धार सुरू होताच चाक फिरते, सुतळी गजावर गुंडाळली जाते व बाटली वर चढते.

मोजमाप : प्रारंभी बादलीत पाण्याच्या पातळीची खूण करावी. बाटली अर्धा मीटर चढताच तोटी बंद करावी व खुणेपर्यंत पुन्हा किती पाणी घालावे लागते ते मोजावे. समजा, १ लिटर लागले. १ किलोग्रॅम पाणी १ मीटर खाली आले, म्हणजे १ किलोग्रॅम-मीटर शक्ती खर्च झाली. बाटलीस मिळाली ०.२ × ०.५, म्हणजे ०.१; केवळ दहावा हिस्सा. उरलेली शक्ती गजाच्या घर्षणात, उडालेल्या तुषारांत व पात्यांवरून वाहून गेलेल्या पाण्याच्या वेगात गेली. आता गजास तेल द्यावे, धारेची जागा बदलावी व प्रयोग पुन्हा करावा. हिस्सा वाढतो; परंतु तो पूर्ण एक कधीच होत नाही.

शेतीतील उपयोग : विजेच्या १ युनिटात ३६ लाख जूल शक्ती असते. काहीही वाया न जाता १० मीटर खोल विहिरीतून एवढ्या शक्तीने सुमारे ३६,७०० लिटर पाणी वर येईल. पंपसंचाने निम्मी शक्ती कामी लावली, तर सुमारे १८,००० लिटर मिळेल. गळका फूटव्हॉल्व्ह, अरुंद पाइप व अनावश्यक वळणे यांमुळे हा आकडा आणखी घटतो. म्हणून नवा पंप घेण्यापूर्वी हे दोष दूर करून मीटर व पाणी दोन्ही मोजावे.

सौरपंपासही हाच नियम लागू आहे. तो प्रकाशाचे रूपांतर विजेत करतो. साहजिकच ढगाळ दिवशी पाणी कमी येते. मात्र इंधन, वीज, ऊन, वारा यांपैकी काहीही न घेता अखंड चालणारे यंत्र कोणी विकावयास आणल्यास शेतकरी बंधूंनी त्यास एकच प्रश्न विचारावा : यात शक्ती येते कोठून? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पैसे देऊ नयेत.