नदीची सोसण्याची मर्यादा

आपल्या इंदुराहून निघालेली कान्ह नदी उज्जयिनीच्या त्रिवेणीपाशी क्षिप्रेस मिळते. येथे तिच्यात जे सोडले जाते, त्याचा संबंध पुढच्या घाटावरील स्नानाशी पोहोचतो. म्हणून सांडपाण्याच्या नियमांचा थोडा अभ्यास आपण करू.

घाण कुजविताना जंतू पाण्यातील प्राणवायू वापरतात. तो किती लागेल, यावरून घाणीचे माप ठरते. कारखान्यांनी नदीत सोडावयाच्या पाण्यास या मापाची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे; स्नानाच्या पाण्यास मात्र अवघी ३. हे अंतर नदीने आपल्या प्रवाहाने भरून काढावयाचे असते.

नदीचे मूळचे माप २ धरल्यास, नियमात बसणाऱ्या सांडपाण्याच्या एका घागरीमागे २७ घागरी नदीजल लागते. श्रावणात ते मिळते; वैशाखात कोठून आणावे? तेव्हा नियम पाळला जातो आणि तरीही नदी नासते.

१९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमाने हे ओळखले आहे. कोरड्या ऋतूतील किमान प्रवाह पाहून त्या त्या नदीसाठी मर्यादा ठरविणे, हे राज्य मंडळाचे कर्तव्य होय. मंडळाच्या संमतीवाचून सांडपाणी सोडता येत नाही. आणि संमतीच्या अटींची नोंदवही संबंधितांस पाहता येते.

नदीस आपण माता म्हणतो. तिच्या उशाशी बसणाऱ्याने ती वही एकदा तरी उघडून पाहावी, असे आम्हांस वाटते.