वयोवृद्ध वाहनचालक, सुरक्षा-अभ्यासवर्ग आणि विम्यातील सवलत

मोटार चालविण्याचा परवाना ज्याने तीस-चाळीस वर्षांपूर्वी मिळविला, त्याने त्या विषयाचे पुस्तक त्यानंतर बहुधा पुन्हा उघडलेले नसते. दरम्यानच्या काळात रस्ते बदलतात, वाहनांची रचना बदलते, नियमांत सुधारणा होतात आणि मुख्य म्हणजे चालक स्वतः बदलतो. हा शेवटचा बदल इतका संथ असतो की, ज्याच्या ठायी तो घडतो त्यालाच तो सर्वांच्या मागून कळतो. अशा चालकाने पुन्हा एकदा विद्यार्थी व्हावे, यासाठी अमेरिकेतील अनेक राज्यांनी एक व्यवहारी उपाय योजिला आहे. मान्यताप्राप्त सुरक्षा-अभ्यासवर्ग पूर्ण करणाऱ्या वयोवृद्ध चालकास तेथे मोटार विम्याच्या हप्त्यात सवलत मिळते. आपल्याकडील अनेक कुटुंबांतील मुले त्या देशात स्थायिक झाली असून, त्यांच्यापाठोपाठ गेलेले काही आईवडील तेथे गाडी चालवितात. त्यांना ही माहिती थेट उपयोगी पडेल. इतरांना ती विचारास प्रवृत्त करील.

योजनेचा उगम

अमेरिकेतील राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने १९६४ साली संरक्षणात्मक वाहनचालनाचा अभ्यासक्रम सुरू केला. दुसऱ्याची चूक गृहीत धरून आपले वाहन सावरण्याची सवय लावून घेणे, हे त्याचे सूत्र होते. एथेल पर्सी अँड्रस या निवृत्त मुख्याध्यापिकेने १९५८ साली निवृत्तांची जी संघटना स्थापन केली, ती आज ए.ए.आर.पी. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. या संघटनेने १९७९ पासून खास प्रौढ व वृद्ध चालकांसाठी उजळणीचे वर्ग चालविण्यास प्रारंभ केला. पुढे अनेक राज्यांच्या विधिमंडळांनी अशा वर्गांची सांगड विम्याच्या हप्त्याशी घातली.

या योजनेचे स्वरूप सर्वत्र सारखे नाही. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विमाव्यवसायाचे नियमन मुख्यत्वे राज्यांकडे सोपविले. त्यामुळे पात्रतेचे वय, वर्गाची मुदत आणि सवलतीचे प्रमाण राज्यागणिक बदलते.

चार राज्यांतील तरतुदी

फ्लोरिडा राज्यात विमा उतरविलेल्या गाडीचा मुख्य चालक ५५ वर्षांचा किंवा त्याहून अधिक वयाचा असावा लागतो. हप्त्यात ‘योग्य’ घट करावी, एवढेच कायदा सांगतो. ठराविक टक्केवारी तो देत नाही. सवलत ३ वर्षे टिकते. मात्र त्या काळात चालकाच्या दोषामुळे अपघात होऊ नये, अशी अट विमा कंपनी घालू शकते. वाहतुकीचा नियम मोडल्यामुळे ज्यास वर्गात बसावे लागले, त्यास ही सवलत मिळत नाही.

पेनसिल्व्हेनियात किमान ५ टक्के सवलत कायद्यानेच ठरवून दिली आहे. तेथील एक अट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे: विमापत्रावर ज्यांची नावे विमाधारक म्हणून नोंदलेली आहेत, त्या सर्वांचे वय ५५ किंवा अधिक असावे व सर्वांनी वर्ग पूर्ण केलेला असावा. पती-पत्नींपैकी एकानेच वर्ग केला, तर सवलतीचा हक्क निर्माण होत नाही.

कॅलिफोर्नियात पात्रतेचे वय ५५ आहे. पहिला वर्ग किमान ४०० मिनिटांचा असतो, प्रमाणपत्र ३ वर्षे चालते आणि सवलतीचा आकडा विमा कंपनी ठरविते.

न्यूयॉर्क राज्यात वयाची अट नाही. किमान ३२० मिनिटांचा वर्ग पूर्ण करणाऱ्या मुख्य चालकास दायित्व विमा व टक्कर विमा यांच्या मूळ दरात १० टक्के घट ३ वर्षांपर्यंत मिळते. वर्ग पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांच्या आत प्रमाणपत्र सादर केल्यास सवलत वर्ग संपल्याच्या तारखेपासून लागू होते. त्यानंतर सादर केल्यास मधल्या काळाचा लाभ हातचा जातो.

हिशेब कसा करावा

‘१० टक्के सवलत’ हे शब्द ऐकून संपूर्ण हप्ता दशांशाने घटेल, असा समज होणे स्वाभाविक आहे; पण तो बरोबर नाही. समजा, वार्षिक हप्ता १,२०० डॉलर आहे व त्यांपैकी १,००० डॉलर सवलतीस पात्र असलेल्या भागांचे आहेत. उरलेले २०० डॉलर चोरी, आग, वादळ इत्यादींपासूनच्या संरक्षणाचे आहेत. अशा वेळी घट होईल ती १,००० वर, म्हणजे १०० डॉलरची. तीन वर्षांत ३०० डॉलर वाचतील. त्यातून वर्गाचे शुल्क, समजा ३० डॉलर, वजा करता निव्वळ बचत २७० डॉलर होईल. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात ही रक्कम उपेक्षणीय नव्हे.

यास्तव वर्गात नाव घालण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: हा वर्ग आपल्या राज्यात मान्यताप्राप्त आहे काय? सवलत हप्त्याच्या कोणत्या भागांवर आहे? आणि पुढची उजळणी केव्हा करावी लागेल? मुदत संपली की सवलतही संपते; तेव्हा प्रमाणपत्रावरील तारीख स्वतःच्या दिनदर्शिकेत टिपून ठेवावी.

वर्गात काय शिकवितात

या वर्गांचा गाभा म्हणजे वयाबरोबर बदलणाऱ्या शरीराची ओळख. साठीतील डोळ्याच्या अंतःपटलापर्यंत विशीतील डोळ्याच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले तर दृष्टी पूर्ववत होण्यास अधिक वेळ लागतो. मान पूर्वीइतकी वळत नाही, त्यामुळे आरशात न दिसणारा बाजूचा भाग पाहावयाचा राहून जातो. सर्दी व अ‍ॅलर्जीवरील काही गोळ्यांनी झापड येते, हे ठाऊक असूनही पुष्कळजण औषध घेऊन गाडीवर बसतात.

वृद्ध चालकांच्या अपघातांत चौकातील अपघातांचे प्रमाण लक्षणीय असते. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. म्हणून डावीकडे वळताना समोरून येणारी रांग ओलांडावी लागते. येणाऱ्या वाहनाचा वेग व अंतर यांचा अंदाज चुकला की टक्कर होते. यावर सोपा उपाय असा की, वाहतूक दाट असेल तेथे डावे वळण टाळून पुढे जावे आणि तीन वेळा उजवीकडे वळून इष्ट रस्ता गाठावा. आपल्याकडे वाहने डावीकडून जातात. तेव्हा हाच धोका उजव्या वळणावर असतो व उपायही त्याप्रमाणे उलटा करावा लागतो.

याखेरीज पुढील वाहनापासून किमान ३ सेकंदांचे अंतर ठेवणे, सुकाणूचक्राच्या मध्यापासून छाती सुमारे २५ सेंटिमीटर दूर राहील अशी बैठक लावणे, रात्रीचा व पावसातील प्रवास शक्यतो टाळणे, या गोष्टी तेथे उजळल्या जातात.

सवलतीचा अर्थ

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. वर्गात बसल्याने अपघात खरोखर कमी होतात काय? आजवरच्या अभ्यासांतून असे दिसते की, केवळ व्याख्यानरूप वर्गाने चालकाचे ज्ञान वाढते व स्वतःच्या उणिवांची जाणीव होते. परंतु तेवढ्याने अपघात घटतात, असे निःसंशय सिद्ध झालेले नाही. वर्गाच्या जोडीला प्रत्यक्ष रस्त्यावर मार्गदर्शन मिळाल्यास चालविण्यात सुधारणा दिसते. ए.ए.आर.पी.च्या वर्गखोलीत शेवटी परीक्षाही नसते. म्हणजे प्रमाणपत्र उपस्थितीची साक्ष देते, कौशल्याची नव्हे.

म्हणून ही योजना निरर्थक ठरते काय? तसे नाही. चालविलेल्या अंतराच्या मानाने पाहिल्यास सत्तरीनंतर प्राणांतिक अपघातांचे प्रमाण वाढू लागते. त्याचे एक मोठे कारण असे की, तरुण देह जो आघात सोसतो तो वृद्ध देह सोसू शकत नाही. दुसऱ्या बाजूने, जेथे दुकान, दवाखाना, मंदिर सारेच मैलोगणती दूर आणि बससेवा तुटपुंजी, तेथे गाडीच्या किल्ल्या खाली ठेवणे म्हणजे घरात कोंडले जाणे होय. या दोन टोकांमध्ये ‘किती काळ, कोठे आणि कोणत्या वेळी गाडी चालवावी’ याचा निर्णय व्हावयाचा असतो. मुलाने तो सुनावला तर बापाला अपमान वाटतो. समवयस्कांबरोबर बाकावर बसून तो स्वतःच घेतला तर पटतो. सवलत हे त्या बाकापर्यंत नेणारे निमंत्रण आहे. पैशासाठी आलेला मनुष्य रात्री गाडी न चालविण्याचा निश्चय करून घरी परतला, तर योजनेचा हेतू सफल झाला असे मानावे.

आपल्याकडील स्थिती

आपल्या मोटार वाहन कायद्यात वयोवृद्धांच्या अभ्यासवर्गाची सांगड विमाहप्त्याशी घालणारे कलम नाही. १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ अन्वये त्रयस्थ पक्षाच्या दायित्वाचा विमा अनिवार्य आहे. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी जो ऐच्छिक विमा असतो, त्याच्या हप्त्यात दावा न केल्याबद्दल पहिल्या वर्षानंतर २० टक्के व क्रमाने वाढत पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. मुदत संपल्यावर ९० दिवसांत विम्याचे नूतनीकरण न केल्यास ती सूट गमवावी लागते. तेथील सवलत शिकण्याबद्दल आहे, तर आपली दावा न केल्याबद्दल. हा दोहोंतील मूलभूत भेद होय.

तथापि आत्मपरीक्षणाची संधी आपल्या कायद्यानेही ठेविली आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार वयाच्या ५५ वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण ५ वर्षांसाठीच होते आणि चाळिशीनंतर त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. हे प्रमाणपत्र केवळ कागदांची पूर्तता म्हणून घेऊ नये. त्या निमित्ताने मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी, नित्याच्या औषधांविषयी डॉक्टरांना विचारावे, वाहतुकीचे नियम पुन्हा वाचावेत आणि घरातील एखाद्या जाणत्या चालकास शेजारी बसवून त्याचे मत मोकळ्या मनाने ऐकावे. याबद्दल विम्याचा हप्ता एका रुपयानेही घटणार नाही. परंतु ज्या रस्त्यावरून आपली नातवंडे शाळेस जातात, त्या रस्त्यावर गाडी चालविण्यास आपण आजही योग्य आहोत, एवढी खात्री त्यातून मिळते आणि तिचे मोल कोणत्याही सवलतीहून अधिक आहे.